घरकुलाच्या यादीतील म्हातारपण

फेब्रुवारीच्या सुमारास चंद्रपूर, गडचिरोली किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातून भर दुपारी फेरफटका मारला, तर ओसरीवर बसलेली म्हातारी माणसे आणि शाळेतून परतलेली नातवंडे यांच्याशिवाय फारसे कोणी भेटत नाही. धान निघून गेलेले असते आणि हातीपायी धड असलेली बरीच माणसे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. मेळघाटातील कोरकू कुटुंबे याच दिवसांत कामाच्या शोधात बाहेर पडतात, तर यवतमाळ आणि वाशीममधील तरुण पुण्याच्या वाटेला लागून वर्षे झालेली असतात. मागे राहिलेल्या आईवडिलांनी कुठे आणि कशा घरात राहावे, हा प्रश्न पूर्वी घरातच सुटत असे. आता तो शासनाच्याही दारात आला आहे.

शासनाकडे त्याची दोन उत्तरे आहेत आणि ती दोन वेगळ्या विभागांकडे आहेत. घरकुल ग्रामविकास विभाग देतो आणि वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभाग चालवतो किंवा चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देतो. या दोन विभागांच्या कागदांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते, आणि खेड्यातले म्हातारपण नेमके त्या दोहोंच्या मधल्या जागेत राहते.

आधी घरकुलाकडे पाहू. ग्रामीण गरिबांसाठी घरे बांधण्याची इंदिरा आवास योजना 1985 मध्ये रोजगार कार्यक्रमाचा एक भाग म्हणून सुरू झाली आणि 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली. 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ 20 चौरस मीटरवरून 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट करण्यात आले आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरण्यात आली. सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम किंवा नक्षलग्रस्त भागात 1 लाख 30 हजार रुपये साहाय्य ठरले. त्याला रोजगार हमीतील 90 ते 95 दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार रुपये जोडले गेले. खर्चाचा 60 टक्के भार केंद्राने आणि 40 टक्के राज्याने उचलायचा, असे सूत्र आहे. 2025 मध्ये महाराष्ट्राने आपल्याकडून आणखी 50 हजार रुपयांची भर घालण्याचे ठरवले आणि घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे धोरणही आणले. यवतमाळचे कोलाम आणि गडचिरोलीचे माडिया या विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरासाठी 2 लाख रुपये आहेत. रमाई, शबरी, पारधी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि मोदी आवास या राज्याच्या योजना त्या त्या समाजघटकांसाठी आहेत. त्यांचे नियम सर्वसाधारणपणे याच चौकटीतले असल्याने त्यांच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही.

आता यादी. केंद्राच्या योजनेतील पहिली यादी 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून तयार झाली. शिरगणतीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. त्या वर्षी म्हातारी आई मुलाच्या चुलीवर जेवत असेल, तर ती त्याच्या कुटुंबात मोजली गेली. पुढे सून-सासूचे पटले नाही, मुलगा शहरात गेला किंवा वारला, आणि आईने मागच्या सपरीत वेगळी चूल मांडली, तरी कागदावरचे कुटुंब जुनेच राहिले. 2018 च्या आवास प्लस सर्वेक्षणाने सुटलेल्या कुटुंबांना आत घेण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 2028-29 पर्यंत आणखी 2 कोटी घरांना मंजुरी दिली, तेव्हा मोबाईल ॲपवरून, चेहऱ्याच्या ओळखीने, कुटुंबाला स्वतःही माहिती भरता येईल असे नवे सर्वेक्षण सुरू झाले. सोय चांगली आहे, परंतु ज्या आजीचे बोटांचे ठसे पुसट झाले म्हणून रेशनच्या यंत्राने तिला दोनदा परत पाठवले असेल, तिच्या हातात कोणीतरी स्मार्टफोन धरून बसल्याशिवाय ती या यादीत शिरणार नाही.

असे असले तरी धोरणाला म्हातारपण दिसलेच नाही, असे म्हणता येत नाही. प्राधान्यक्रम ठरवताना बेघर कुटुंबे आणि कच्च्या खोल्यांची संख्या पाहिल्यानंतर जे गुण धरले जातात, त्यांत 16 ते 59 या वयाचा एकही प्रौढ नसलेले कुटुंब ही वंचिततेची एक स्पष्ट कसोटी आहे. त्याच वयोगटातला प्रौढ पुरुष नसलेले स्त्रीप्रमुख कुटुंब ही दुसरी, आणि अपंग सदस्य असून धडधाकट प्रौढ नसलेले कुटुंब ही तिसरी. मुले बाहेर गेलेल्या किंवा शेतकरी आत्महत्येनंतर सासू-सुनाच उरलेल्या विदर्भातील कितीतरी घरांचे वर्णन या तीन ओळींत येते.

याहूनही महत्त्वाची तरतूद बांधकामाविषयीच्या सूचनांत आहे आणि ती गावात फार थोड्यांना ठाऊक असते. योजनेत ठेकेदार नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे. मंजुरीबरोबर पहिला हप्ता खात्यात येतो, मग जोते झाले की फोटो, भिंती आल्या की फोटो, छत पडले की फोटो, आणि प्रत्येक टप्प्याच्या जिओ-टॅग केलेल्या, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या, फोटोनंतर पुढचा हप्ता. तरुण माणसाला हे जमते. तो विटा उधारीवर आणतो, मिस्त्रीच्या मागे लागतो, रोजगार हमीच्या हजेरीपटावर स्वतः राबतो. सत्तरीच्या विधवेला त्या 90 दिवसांच्या मजुरीचा काय उपयोग? तिला उधारी मिळत नाही, खड्डा खणता येत नाही आणि मिस्त्री तिच्या कामावर सगळ्यांत शेवटी येतो. म्हणून मार्गदर्शक सूचना सांगतात की वृद्ध, अशक्त किंवा अपंग लाभार्थी स्वतः घर बांधून घेण्याच्या स्थितीत नसेल, तर ते घर ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात घ्यावे, म्हणजे 45 दिवसांच्या प्रशिक्षणात शिकाऊ गवंडी कुशल मार्गदर्शकाच्या हाताखाली तेच घर बांधतील. आणि तेही शक्य नसेल, तर राज्याने ग्रामपंचायतीच्या व गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मदतीने ते बांधून होईल याची काळजी घ्यावी. धोरणातील हे सर्वांत माणुसकीचे वाक्य आहे. जोत्यापर्यंत येऊन थांबलेली, आत तुरीच्या काड्या रचलेली अर्धवट घरकुले पाहिली, की ते वाक्य तिथवर पोहोचले नसावे असे वाटते.

मंजुरी मिळूनही घर उभे न राहण्याचे दुसरे कारण म्हणजे जागा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नाव नसेल, तर हातात काहीच नाही. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी 50 हजार आणि आता 1 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, पण गावठाणालगत विकाऊ जागा असेल तर. पूर्व विदर्भात या प्रश्नाला झुडपी जंगलाची आणखी एक गाठ आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत झुडपी जंगल म्हणून लिहिलेल्या जमिनींवर वस्त्या, शाळा आणि स्मशाने अनेक दशकांपासून आहेत. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन म्हणूनच धरल्या, मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांबाबत राज्याने केंद्राची मंजुरी घेऊन मार्ग काढावा, असे सांगितले. ज्या म्हाताऱ्याचा जन्म त्या झोपडीत झाला, त्याने वाटपाचा कागद मागायचा कोणाकडे, हा प्रश्न आता तहसील कार्यालयात फिरतो आहे.

घर उभे राहिले, तर ते कसे असते? विदर्भातील जुनी घरे मातीची. पूर्वेकडे कुडाच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर, वऱ्हाडात जाड भिंतींची धाब्याची घरे. त्यांना उंदीर, गळती, वाळवी आणि दरवर्षीची डागडुजी होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाणे बरोबर नाही. कवेलू फेरायला म्हातारा माणूस छपरावर चढू शकत नाही, म्हणूनच पक्के घर हवे. परंतु चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा अर्ध्या विटेच्या भिंती आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकतात, आणि घरकुल मिळालेली आजी शेजारच्या जुन्या ओसरीत बाज टाकते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला माती, बांबू आणि देशी कवेलूंची 1936 पासूनची कुटी आजही उभी आहे. त्याच वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंक्वाकार नळ्यांची छते करून दाखवली. स्थानिक साहित्याला आणि त्या त्या प्रदेशातील घरांच्या नमुन्यांना योजनेतही मुभा आहे. तरीही प्रत्यक्षात तालुक्यातून येतो तो विटा, सिमेंट आणि सळईचा एकच नकाशा, कारण अंदाजपत्रक त्याचेच तयार असते आणि लोकांनाही पक्के घर म्हणजे स्लॅबच वाटतो.

त्या नकाशात वय कुठे दिसते? जोते दीड-दोन फूट उंच, पायऱ्यांना कठडा नाही, शौचालय घराबाहेर आणि त्यातही उकिडवे बसायचे भांडे. गुडघे गेलेल्या माणसाला ते घर आणि ते शौचालय दोन्ही अर्धेच मिळतात. शहरांसाठी मात्र हा विचार झालेला आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांत उतार, रुंद दारे, न घसरणाऱ्या फरश्या आणि स्नानगृहातील आधाराच्या दांड्या सक्तीच्या केल्या. हे नियम विकासकाने सदनिका म्हणून विकलेल्या घरांना लागू होतात. 269 चौरस फुटांचे घरकुल त्यांच्या कक्षेत येत नाही. एक उतार, एक कठडा आणि बसायचे उंच भांडे यांना विकासक लागत नाही. मंजुरीच्या वेळी अभियंत्याने घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे एकदा पाहिले, तरी पुरे.

दुसरे उत्तर वृद्धाश्रमाचे. राज्यात स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना 1963 पासून आहे आणि 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाच्या कलम 19 ने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचा एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची कल्पना मांडली. मात्र कलमातील शब्द राज्य ‘उभारू शकेल’ असे आहेत, उभारलेच पाहिजे असे नाहीत. शिवाय जिल्ह्याला एक हे माप गडचिरोलीत कसे लावायचे? सिरोंचा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तिथल्या घराघरांत तेलुगू बोलली जाते, आणि पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होते. तिथून जिल्ह्याच्या गावी येऊन राहणे म्हणजे जिवंतपणी गाव सोडणे. वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या ठिकाणी, जिथे बाबा आमट्यांनी 1949 पासून समाजाने टाकलेल्या माणसांचे गावच वसवले, तिथे म्हातारपणालाही शेजार आणि काम मिळाले. पण असे गाव शासन निर्णयाने निर्माण होत नाही, आणि प्रत्येक जिल्ह्यात ते असेल असे धरून धोरण आखता येत नाही.

खेड्यातल्या माणसाला वृद्धाश्रम नको असतो, त्यामागे केवळ लोकलाज नाही. दीड एकर शेती ठोक्याने दिलेली असते, दोन शेळ्या असतात, आणि रेशन, मतदान, बँक सगळे त्या गावाशी बांधलेले असते. ज्याला लोक ‘निराधारचा पगार’ म्हणतात, ते श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचे अनुदान 2023 पासून महिन्याला 1,500 रुपये झाले आहे. त्यात भाड्याची खोली घेता येत नाही, पण स्वतःचे छप्पर असेल तर तेल-मीठ, औषध आणि विजेचे बिल कसेबसे भागते. म्हणजे या पगाराची किंमत घरावर ठरते, आणि घर नसलेल्याला तोच पगार अपुरा पडतो.

म्हणून घर कोणाच्या नावावर आहे, ही बाब इथे निर्णायक ठरते. केंद्राच्या योजनेत घर स्त्रीच्या किंवा पतिपत्नीच्या संयुक्त नावावर देण्यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जुनी पडकी जागा वडिलांच्या नावावर आणि घरकुल मुलाच्या कुटुंबाला, असे असले की बक्षीसपत्र होते, जुने घर पाडले जाते आणि नव्या घरात म्हाताऱ्यांची बाज व्हरांड्यात जाते. 2007 च्याच अधिनियमाच्या कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते आणि निर्वाहाच्या अर्जावर साधारण 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. ती अट बक्षीसपत्रात लिहून ठेवलेली असली की दावा टिकण्याची शक्यता वाढते, आणि गावात बक्षीसपत्र लिहिणारा अर्जनवीस ती ओळ सहसा घालत नाही. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर याची विचारणा करता येते.

वृद्धाश्रम लागणारच. ज्याचे कोणी नाही, जो अंथरुणाला खिळला आहे, त्याच्यासाठी तो तालुक्याच्या जवळ, ग्रामीण रुग्णालयाच्या आसपास आणि लहान असावा. केंद्राच्या ज्येष्ठ नागरिक कार्यक्रमात 25 जणांच्या निवासालाही अनुदान मिळते, आणि विदर्भातल्या विखुरलेल्या वस्त्यांना ते माप 150 पेक्षा कितीतरी जवळचे आहे. बाकीच्यांसाठी मात्र घरकुल हाच त्यांचा निवृत्तीनिवास आहे आणि त्याचा निर्णय ग्रामसभेत होतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत घरकुलांची यादी वाचली जाते, तेव्हा 16 ते 59 वयाचा प्रौढ नसलेली घरे कोणती, त्यांपैकी स्वतः बांधू न शकणारी कोणती, आणि त्यांतली किती गवंडी प्रशिक्षणात घ्यायची, हे ठरावात नावानिशी लिहून पंचायत समितीकडे पाठवता येते. त्यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको आणि मंत्रालयाची परवानगीही नको.