‘चालतेय की अजून’ म्हणून ठेवलेल्या सीड्या

नमस्कार मंडळी. इथे निम्मेअधिक लोक लग्नाचं शूटिंग करणारे नाहीतर फोटो स्टुडिओवाले आहेत, त्यामुळे तुमच्या कपाटात काय आहे ते न बघताच सांगतो. स्पिंडलवर रचलेल्या डीव्हीड्या, वर काळ्या मार्करने ‘हळद आणि मुहूर्त, पार्ट २’, आणि त्याची दुसरी कॉपी कुठेच नाही.

आता किती वर्षं टिकतात विचाराल तर उत्तरं ऐकून डोकं गरगरेल. पाकिटावर १०० वर्षं छापलेलं असतं. कॅनडाची कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट, म्हणजे म्युझियमवाल्यांना सल्ला देणारी सरकारी संस्था, ती म्हणते सोन्याचा थर आणि थॅलोसायनिन डाय (डेटा धरून ठेवणाऱ्या रंगाचा एक प्रकार) असलेली सीडी-आर, म्हणजे आपण बर्न करतो ती, शंभरीच्या वर जाईल, पण चांदीच्या थराची साधी डीव्हीडी-आर १० ते २० वर्षं. आणि अमेरिकेचं नॅशनल अर्काइव्ह्ज सरळ सांगतं की दावे काहीही असोत, अनुभव बघता २ ते ५ वर्षं धरून चाला. कुठे २ आणि कुठे १००! आणि गंमत म्हणजे यात कोणी खोटं बोलत नाहीये.

शंभर वर्षं कोणी बसून मोजलेली नाहीत हे तर उघड आहे, कारण सीडी-आर आलीच १९८८ च्या सुमाराला. मग करतात काय, तर डिस्क ८० अंशाच्या आसपास आणि ८५ टक्के दमट हवेच्या पेटीत शेकडो तास कोंडतात, एरर किती वाढले ते मोजतात, आणि त्यावरून गणिताने मागे येत येत ठरवतात की २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ही इतकी वर्षं टिकेल. आता मला सांगा, मे महिन्यात चंद्रपूरला आणि जुलैमध्ये रत्नागिरीला २५ अंश आणि ५० टक्के कोणाच्या घरात असतात? एसी असलेल्या खोलीत आपण झोपतो, डीव्हीड्या माळ्यावर पत्र्याखाली असतात. पाकिटावरचं वय त्या पेटीच्या हिशोबातलं आहे, तुमच्या माळ्याचं नाही.

बरं, आत नक्की खराब काय होतं? दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डिस्कमध्ये खड्डे साच्यातून दाबून काढलेले असतात. आपण बर्न करतो तिच्यात खड्डे नसतातच, तिथे सेंद्रिय डायचा थर असतो, रंगच म्हणा ना, लेझरने तो जागोजागी भाजायचा आणि मागे चकाकणारा धातूचा थर. रंग म्हटल्यावर ऊन लागलं की फिकटतो, उष्णतेने बिघडतो, आणि ओल आत शिरली की चांदी काळवंडते. सीडीमध्ये हा सगळा कारभार वरच्या बाजूला असतो, लेबलखाली, वर फक्त लॅकरचा पातळ थर. म्हणून खालच्या चकचकीत बाजूला ओरखडा पडला तर पॉलिश करून वाचू शकते पण लेबलच्या बाजूने खरवडली तर डेटाच गेला, आणि आपण मात्र आयुष्यभर खालची बाजू जपतो, वर बॉलपेनने लिहितो. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मध्ये चिकटवलेला असतो, तिथे चिकटवणं सुटायला लागलं की कडेने ओल शिरते. बुरशीचंही ऐका, २००१ साली बेलीझमधली एक सीडी गाजली, तिथल्या दमट हवेत बुरशीने तिचे थर खाल्लेले स्पॅनिश संशोधकांना दिसले. कोकणातल्या मंडळींनी हसू नये.

पण आज मला खरं बोलायचंय ते वेगळंच. लोक काय करतात, वर्षातून एकदा डिस्क टाकतात, व्हिडिओ सुरू झाला की ‘चालतेय की अजून’ म्हणून परत कव्हरमध्ये. ही तपासणी नव्हे हो. डिस्कवर तुमच्या डेटासोबत एरर करेक्शनचा जादा डेटा लिहिलेला असतो, त्याच्यावरून ड्राईव्ह हरवलेले बाइट्स परत काढतो आणि तुम्हाला पत्ता लागू देत नाही. कॉलेजात दांडी मारणाऱ्याची प्रॉक्सी लागते ना तसं, सरांच्या वहीत वर्ग फुल आणि बाकं रिकामी. प्रॉक्सी लावणारे पुरे पडतात तोवर व्हिडिओ एकदम झकास दिसतो, अगदी पहिल्या दिवसासारखा, जुन्या व्हीएचएससारखं चित्र हळूहळू खराब होऊन इशारा मिळणं हा प्रकार इथे नाही. मर्यादा ओलांडली की थेट अडकते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून आतला आकडा बघायचा. निरो डिस्कस्पीडसारखी सॉफ्टवेअर आहेत, काही ड्राईव्हवर ती पीआय एरर, म्हणजे ड्राईव्हला गुपचूप दुरुस्त कराव्या लागलेल्या चुका, मोजून देतात. डीव्हीडीला डेटाच्या सलग आठ ब्लॉकमागे मर्यादा २८० ची; सीडीला पीआय नसतो, तिचे ब्लॉक एरर मोजतात, त्यांना सेकंदाला सरासरी २२० ची. नवी बर्न केलेली चांगली डीव्हीडी यापेक्षा खूप खाली असते. आज ३० आणि दोन वर्षांनी १५० दिसले तर डिस्क मस्त वाजत असली तरी त्याच संध्याकाळी हार्ड डिस्कवर उतरवा. आणि बाहेरच्या कडेकडे लक्ष ठेवा, बर्निंग आतून बाहेर जातं आणि बिघाड बहुतेक वेळा कडेला आधी दिसतो, म्हणजे मुहूर्त शाबूत आणि पाठवणी गायब.

ब्रँडचं म्हणाल तर डब्यावरचं नाव आणि बनवणारा एकच असेल असं नाही, डिस्कमध्ये बनवणाऱ्याचा मीडिया कोड असतो तो वाचा. नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी होती, २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. जपानची ताइयो युडेन, जिच्या डिस्कवर जाणकार डोळे मिटून भरवसा ठेवायचे, ती २०१५ ला या धंद्यातून बाहेर पडली. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत रेकॉर्डेबल ब्लू-रे बंद केल्या.

एक चिठ्ठी आलीये, एम-डिस्क, ती हजार वर्षं टिकते म्हणून विकतात ती, घेऊ का? घ्या. तिच्यात सेंद्रिय डाय नाही, ही जमेची बाजू. हजार वर्षांचा दावाही अशाच चाचण्यांवरून काढलाय, त्यामुळे तो आकडा सोडून द्या. साध्या ब्लू-रेमध्येही एचटीएल म्हणजे अजैविक थराची घ्या, एलटीएच नको, त्यात परत डायच आला.

दुसरी चिठ्ठी, जुन्या कोऱ्या डीव्हीड्या पडून आहेत, वापरू का? महत्त्वाच्या कामाला नको. कोरी डिस्कही म्हातारी होते, अमेरिकेच्या निस्टने, म्हणजे तिथल्या मोजमाप आणि मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००३ च्या मार्गदर्शिकेत कोऱ्या डिस्कचं वय ५ ते १० वर्षंच धरलंय. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी, ती तर बॅकअपला नकोच.

आणि हो, लेबलचा स्टिकर लावलेला असेल तर सोलू नका, सीडीचा धातूच त्याच्याबरोबर निघून येईल. ज्यांनी डिस्क आणल्यात त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर ड्राईव्ह लावून ठेवलाय, एका डीव्हीडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यामुळे सगळ्यात जुनी आधी द्या.