ओवीला नाममुद्रा नसते

श्रोतेहो, नमस्कार.

अभंग ऐकताना एक गोष्ट आपण धरूनच चालतो. शेवटच्या चरणात नाव येणार. 'तुका म्हणे' आलं की टाळकऱ्यांना कळतं, अभंग संपत आला. 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'म्हणे नामयाची जनी'. एकनाथ महाराज तर 'एका जनार्दनी' म्हणताना आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून देतात, म्हणजे हे कुणाकडून मिळालं तेही तिथेच नोंदवलेलं. ख्यालाच्या बंदिशीत 'सदारंग' येतो, शाहीर पोवाड्याच्या शेवटी आपलं नाव गुंफतो. याला आपण नाममुद्रा म्हणतो. गाणं कितीही गळ्यांतून फिरलं तरी नाव त्याच्या अंगातच शिवलेलं.

जात्यावरच्या ओवीचं तसं नाही. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, माहेरचं गाव येतं, पंढरीचा विठ्ठल येतो. दळणारीचं स्वतःचं नाव मात्र सहसा येत नाही. मग ती ओवी कुणी टेपवर घेतली, ती टेप पुढे संगणकावर गेली, तिथून जगभर गेली, तर त्या बाईचं नाव तिच्याबरोबर जाणार कसं? आजचा विषय हा आहे. संशोधनासाठी केलेली ध्वनिमुद्रणं खुली करायची, पण श्रेय हरवू द्यायचं नाही.

उदाहरण आपल्या घरचंच आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं. पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंते आणि संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७पासून हा ठेवा 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर सगळ्यांना ऐकायला, वाचायला मिळतो आहे. यात मला सगळ्यात मोठं वाटतं ते आकड्यांचं नाही. ओवीखाली गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज आज ऐकताना आपण 'एक ग्रामीण स्त्री' ऐकत नाही, गंगुबाईंना ऐकतो. ओवीत नसलेली नाममुद्रा त्या नोंदीने दिली.

आता माझं सांगतो. त्याच काळात मीही खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून हिंडत होतो. परवा जुनी खोकी उघडली. एका कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'ओव्या, स्थानिक महिला, बाजू ब'. आवाज लख्ख आहे. मागे कोंबडा आरवतो, कुणीतरी 'चहा ठेव गं' म्हणतं तेही ऐकू येतं. चहाचं ऐकू येतं आणि गाणारीचं नाव नाही! ही कॅसेट आज मला खुली करायची म्हटलं, तर श्रेय कुणाला देऊ? 'स्थानिक महिला' या नावाची कुणी बाई मला तरी भेटलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. परंपरेने आलेल्या ओवीच्या शब्दांवर कुणा एकाची मालकी सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते ज्याने घडवून आणलं त्याचा, म्हणजे माझ्यासारख्या टेपवाल्याचा किंवा त्याच्या संस्थेचा. गाणारीचं काय? १९९४च्या दुरुस्तीपासून तिलाही हक्क आहे. गायल्यानंतर पन्नास वर्षं तो टिकतो, आणि २०१२ साली त्यात आणखी एक महत्त्वाची भर पडली. हे मी गायलंय असं सांगण्याचा, आणि आपलं गाणं नाव खराब होईल असं मोडूनतोडून कुणी वापरलं तर अडवण्याचा हक्क. आमच्या फिरस्त्या मंडळींना हे फार उशिरा कळलं. टेप आमची म्हणून गाणंही आमचं, अशा थाटात आम्ही वागलो.

मोकळं वाटप करायचं तर आज सोय आहे ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांची. २००२च्या डिसेंबरात हे परवाने आले. यातला पहिला शब्द 'बाय'. सिनेमाच्या पोस्टरवर 'म्युझिक बाय' असतं ना, तोच हा बाय. वापरा, वाटा, पण कुणाचं ते सांगा. आणि काही बदल केला असेल तर तोही सांगा. त्याला पुढे शेपट्या जोडता येतात. धंद्यासाठी नको, बदललेलं वाटू नका, किंवा तुम्ही यातून जे घडवाल तेही याच अटींवर पुढे द्या. माझं मत विचाराल तर ओव्यांना 'धंदा नको' ही अट मी लावेन. कुणाच्या पिठाच्या जाहिरातीत ती ओवी वाजावी असं मला वाटत नाही. 'बदल नको' ही अट मात्र अभ्यासासाठी ठेवलेल्या ध्वनीला जाचते. अभ्यासक टेप कापणार, खरखर काढणार, दोन ओव्या शेजारी ठेवणार. ते करायला हरकत नाही, पण केलेलं दुसऱ्याला देता येत नसेल तर पुढच्याने पुन्हा पहिल्यापासून दळायचं.

हे परवाने मागे घेता येत नाहीत, हेही गाणारीला आधी सांगायला हवं. फाईल काढून टाकता येते, पण ज्याने आधीच उतरवून घेतली त्याच्याकडचा परवाना राहतो. आणि आपल्या ताटात नाही ते दुसऱ्याला वाढता येत नाही. तिने होकार दिला नसेल, तर माझ्या सहीला किंमत काय? सासूचा जाच, नवऱ्याचा मार, हे ओवीत उघड येतं. जात्यापाशी गायलेलं ते नावगावासकट साऱ्या जगाने ऐकावं असं तिला वाटेलच असं नाही. परवान्याच्या नव्या आवृत्तीत नाव काढून टाकायला सांगण्याचीही सोय आहे. नाव हवं की नको, हे तिनं ठरवायचं.

नोंदी नीट ठेवल्या तर काय होतं याचं एक दूरचं उदाहरण. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांनी २०११मध्ये कॉम्पम्युझिक नावाचा, संगणकाच्या मदतीने संगीताचा अभ्यास करणारा प्रकल्प सुरू केला. त्यातून आपल्या रागसंगीताचा 'सरगा' नावाचा संग्रह तयार झाला. १०८ हिंदुस्थानी आणि २४९ कर्नाटक ध्वनिमुद्रणं, 'श्रेय द्या, धंदा नको, याच अटींवर पुढे द्या' या परवान्याखाली खुली. कुठे सम येते, षड्ज कोणता, याच्या खुणांसकट. मला आवडलं ते असं की साथीदारांचीही नावं वाद्यासकट नोंदलेली आहेत. आपल्याकडे कॅसेटच्या वेष्टनावर तबला-पेटीवाल्यांची नावं मुंगीच्या अक्षरात, आणि तंबोऱ्यावर कोण बसलं होतं ते देवाला ठाऊक.

पण नोंद एकीकडे आणि ध्वनी दुसरीकडे असला की घोळ होतो. फाईल कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली की तिचं नाव पुसलं जातं, उरतात ते तारीख आणि आकडे. म्हणून मला जुन्या काळच्या गायिका गौहर जान आठवतात. १९०२ साली कलकत्त्यात त्यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताच त्या कर्ण्यात म्हणाल्या, 'माय नेम इज गौहर जान'. तबकडी जर्मनीत तयार व्हायची, तिथल्या कारागिरांना चिठ्ठीवर नाव लिहिता यावं एवढाच हेतू. आज सव्वाशे वर्षांनीही तबकडीची कितवीही नक्कल ऐका, ते नाव येतंच.

गेल्या वर्षी मी पुन्हा एका गावात गेलो, आता मोबाइल घेऊन. आजींना म्हटलं, आधी तुमचं नाव-गाव तुमच्याच तोंडाने सांगा, मग ओवी. त्या थांबल्या. म्हणाल्या, "कंचं सांगू? माह्यारचं का सासरचं? ओव्या तं मी माह्यारी शिकले." मला हा प्रश्न तीस वर्षांत सुचला नव्हता. म्हटलं, तुम्हाला हवं ते. त्यांनी पदर सावरला आणि दोन्ही नावं सांगितली, दोन्ही गावांसकट. मग आईचंही सांगितलं, कारण ओव्या तिच्या.

फाईलचं नाव फार लांब झालंय. तसंच ठेवलंय.

नमस्कार.