मशीन विमान उतरल्यावर येतं

(धुळ्यात वैमानिक आणि केबिन क्रूचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर एका निवृत्त पर्सरने, म्हणजे विमानातल्या केबिन क्रूच्या प्रमुखाने, दिलेलं व्याख्यान, संपादित.)

गोंदूरवर शिकाऊ विमानं उतरताना पाहिली की माझा ऊर भरून येतो. आमच्या लहानपणी विमान म्हणजे कापसाच्या शेतात उभं राहून ऐकलेला वरचा आवाज. आज त्याच शेतातली पोरं कॉकपिटपर्यंत पोचताहेत. म्हणून मी गणवेशाबद्दल, पगाराबद्दल काही सांगणार नाही. लेओव्हरच्या, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या बाहेरगावच्या मुक्कामाच्या, रात्रीबद्दल सांगणार आहे.

आपला नियम साफ आहे. उड्डाणाआधी १२ तास दारू नाही, आणि श्वासाच्या तपासणीत आकडा शून्यच हवा. अमेरिकेत ८ तासांचा नियम आहे आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या आत असलं तर चालतं. आपल्याकडे ती सूट नाही. पहिल्यांदा सापडलात तर ३ महिने घरी, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्सच गेलं. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरायचा नाही.

पण १२ तास पाळले म्हणजे सुटलो, असं मानू नका. ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच निस्तरतं. सुट्टीवर घरी आलात, हळदीची रात्र आहे, मित्र म्हणतो, "ली ले रे भो, एकमा काय व्हस!" एकाचे सहा होतात. रात्री आठला सुरुवात, अकराला ग्लास खाली. दुसऱ्या दिवशी साडेअकराचं उड्डाण. कागदावर १२ तास भरले, पण हिशेब करून पाहा: रक्त साफ व्हायला दुपारचे बारा वाजतात. काळ्या कॉफीने, गार पाण्याच्या अंघोळीने झोप उडते, अल्कोहोल उडत नाही. आणि आकडा शून्यावर आल्यावरही कानाच्या आत, जिथून आपला तोल सांभाळला जातो तिथे, परिणाम काही तास रेंगाळतो. ढगात शिरल्यावर वर-खाली कळेनासं झालं, तर पायलटला हे किती महाग पडेल!

१३ जानेवारी १९७७. अलास्कातलं अँकरेज. जपान एअरलाइन्सचं मालवाहू विमान, पोटात ५६ गुरं. उड्डाण घेताच कोसळलं. विमानातले तीन कर्मचारी आणि गुरं सांभाळणारे दोघे, पाचही जण गेले. कॅप्टन प्यायलेला होता. त्याला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही ते जाणवलं होतं. चौकशी अहवालात पंखांवरच्या बर्फाचा उल्लेख आहे, कॅप्टनच्या नशेचा आहे, आणि आणखी एक कारण नोंदलंय: सोबतच्या कर्मचाऱ्यांनी त्याला थांबवलं नाही. हे वाक्य मी कितीदा वाचलंय, मलाच ठाऊक.

कारण मीही थांबवलं नव्हतं. परदेशातलं एक हॉटेल, पहाटे साडेचारचा पिकअप. लिफ्टमध्ये कॅप्टन आणि मी. त्यांनी भरपूर सेंट मारला होता आणि तोंडात वेलदोडा होता, तरी त्याखालून वास आलाच. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं. ते लावायला गेले आणि दोनदा बोटं घसरली. मी नवा होतो, ते वीस वर्षं उडवत होते. मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो. भारतातून निघताना तपासणी उड्डाणाआधी होते. बाहेरून येताना मात्र ती इथे उतरल्यावर होते, म्हणजे त्या सकाळी कॅप्टन आणि विमान यांच्यामध्ये कुठलंही मशीन नव्हतं. होतो आम्ही. उतरल्यावर नळीत फुंकलं आणि आकडा आला. प्रवासी तोवर बॅगा घेऊन घरी निघाले होते. सगळे सुखरूप होते, पण त्यात माझी काही कर्तबगारी नव्हती.

म्हणून पोरांनो, हे वाक्य आजच तोंडात बसवून घ्या: "सर, आज तुम्ही अनफिट कळवा, नाहीतर मला कळवावं लागेल." कनिष्ठ असलात तरी म्हणा. हात जोडून म्हणा, पण म्हणा. आईबापांनो, तुमचा मुलगा पहाटे फोन करून म्हणाला, "मी आज ड्यूटी नाकारली," तर नोकरीचं काय होईल हे आधी विचारू नका.

त्या हॉटेलात लिफ्टच्या दाराशीच भिंतीवर फोन होता. दोन पावलांवर.