पहिल्या वर्षाचा वर्ग कोणाकडे?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘संगणकशास्त्राच्या अध्यापकाची कारकीर्द’ असा विषय छापला आहे. १८५४ पासून अभियांत्रिकी शिकवणाऱ्या आणि १९९१ साली सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा ‘परम ८०००’ हा महासंगणक पाहिलेल्या या पुणे शहरात संगणकाची थोरवी सांगत बसण्याची गरज नाही. वर्गात शिकवणे हेच ज्याने आपले मुख्य काम मानले, त्या अध्यापकाचे मोल आपण कसे ठरवतो, एवढेच मला मांडायचे आहे.

आधी प्रा. व्ही. राजारामन यांचे नाव घेतो. १९६३ साली आयआयटी कानपूरमध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला, तेव्हा हा विषय जाणणारी माणसे देशात मोजकीच होती. राजारामन यांनी तिथे प्रोग्रॅमिंग शिकवले आणि विद्यार्थ्यांना परवडतील अशी पाठ्यपुस्तके लिहिली. पुढे विज्ञानातला भटनागर पुरस्कार आणि १९९८ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. परंतु माझ्या पिढीतल्या पुष्कळांना ते आपले गुरू वाटतात, ते त्या पुस्तकांमुळे.

आता आपल्या महाविद्यालयांकडे पाहा. प्रोग्रॅमिंगचा पहिला विषय बहुधा तासिका तत्त्वावर नुकत्याच लागलेल्या अध्यापकाच्या गळ्यात पडतो, आणि ज्येष्ठ मंडळी शेवटच्या वर्षाचे ऐच्छिक विषय घेतात. याचे परिणाम प्रॅक्टिकलच्या तासाला दिसतात. विद्यार्थी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन संख्यांची अदलाबदल करणारे फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहितो. फंक्शनच्या आत सारे नीट होते, पण मेनमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रॅममध्ये, परतून छापावे, तर संख्या जागच्या जागी. नवखा अध्यापक म्हणतो, ‘पॉइंटर वापर, इथे स्टार टाक.’ (पॉइंटर म्हणजे संख्या जिथे ठेवली आहे त्या जागेचा पत्ता, आणि स्टार ही त्याची खूण.) प्रोग्रॅम चालतो, जर्नलवर सही होते आणि विद्यार्थी होता तिथेच राहतो. (जर्नल कोणाचे पाहून उतरवले, हे या सभागृहात मी कोणालाच विचारत नाही.)

जाणता अध्यापक फळ्यावर मेनसाठी दोन चौकटी काढून त्यांत ५ आणि ७ लिहितो, फंक्शनसाठी दोन वेगळ्या चौकटी काढून त्यांत त्याच संख्यांच्या प्रती उतरवतो, आणि खडू विद्यार्थ्याच्या हाती देऊन पुढची प्रत्येक ओळ त्याच्याकडूनच चालवून घेतो. अदलाबदल झाली ती प्रतींची, आणि फंक्शन संपताच त्या चौकटी पुसायच्या, हे त्या मुलाला स्वतः पुसताना कळते. यात अर्धा तास जातो. पण पुढे रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, आले की तोच विद्यार्थी न सांगता अशा प्रत्येक बोलावण्यासाठी (कॉलसाठी) नवी चौकट काढू लागतो.

असे शिकवणारा माझा एक सहकारी बढतीच्या मुलाखतीला गेला, तेव्हा समितीने त्याला शोधनिबंध किती, एवढेच विचारले. त्याच्या वर्गाबद्दल एकही प्रश्न आला नाही. दुसऱ्या तुकडीची मुले त्याच्या तासाला मागे उभी राहून ऐकत, याची नोंद करण्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांची कामगिरी मोजणारी एपीआयची गुणपद्धती आणली, तीत अध्यापनालाही गुण होते. पण ते बरेचसे घेतलेल्या तासांच्या हिशेबाने. तासात काय घडले, हे त्यातून कळत नाही, आणि मला याचा आजही मनापासून संताप येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मूळ प्रतिपादन थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षाचा विषय विभागातल्या सर्वांत अनुभवी अध्यापकाकडे द्यावा आणि नव्या अध्यापकाने वर्षभर त्याच्या वर्गात बसावे. बढतीच्या वेळी शोधनिबंधांबरोबर उमेदवाराने काढलेल्या प्रश्नपत्रिका, दिलेल्या असाइनमेंट आणि तपासलेल्या काही उत्तरपत्रिकाही समितीने वाचाव्यात. उत्तरे पाठ करून सुटणारा पेपर कोणता आणि विचार करायला लावणारा कोणता, हे जाणकाराला तासाभरात कळते. आणि समितीतल्या एका सदस्याने तरी, आगाऊ न कळवता, त्या अध्यापकाचा एक पूर्ण तास मागच्या बाकावर बसून ऐकावा.