पिरॅमिडच्या पोटातला भराव

श्रोतेहो, नमस्कार.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा विषय निघाला की गप्पा हटकून अचूकतेवर जातात, आणि कुणी ना कुणी परग्रहवासीयांनाही ओढून आणतंच. मला मात्र त्या बांधकामात सगळ्यात भावतो तो गवंड्यांचा हिशेबीपणा. उंची दगड कुठे लावायचा आणि रद्दड कुठे खपवायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

खुफू राजाचा हा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६०च्या आसपासचा. पायाची एकेक बाजू २३० मीटर, मूळ उंची सुमारे १४६ मीटर आणि दगड अंदाजे २३ लाख. काम वीस वर्षं चाललं असं धरलं, तरी दिवसाला तीनशेच्या वर दगड जागेवर बसायला हवेत. अशा घाईत प्रत्येक चिरा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, घडवत कोण बसणार? म्हणून आतला बहुतेक दगड जवळच्याच खाणीतला, पिवळट चुनखडीचा, ओबडधोबड, कमीजास्त मापाचा. मधल्या फटींत कपच्या कोंबल्या आणि वरून सढळ हातानं माल, म्हणजे दगड सांधायचा ओला लगदा, ओतला.

हा माल चुन्याचा नव्हता, जिप्समचा होता. चुनखडी भाजायला नऊशे अंशांच्या आसपास धग लागते. जिप्समचं काम दीडशे-दोनशे अंशांत भागतं. इजिप्तमध्ये लाकडाचा दुष्काळ, तेव्हा निवड सोपी होती. शिवाय ओल्या मालावरून जड दगड सरकवून जागेवर आणता येतो. भट्टीतल्या कोळशाचे कण त्या मालात अडकून राहिले. १९८४ आणि १९९५ साली ते वेचून कार्बन पद्धतीनं त्यांचं वय काढलं, तर ते इतिहासातल्या तारखांच्याही मागे गेलं! याचं एक कारण असं सांगतात, की सरपण म्हणून जुनीपानी लाकडंही जाळली गेली.

बाहेरच्या अंगाला मात्र जराही हयगय नाही. तिथे नाईलच्या पलीकडून, तुऱ्याच्या खाणीतून आणलेला पांढराशुभ्र, बारीक पोताचा दगड. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८० ते ८२ या काळात इथली मोजणी केली. तळाशी शिल्लक राहिलेल्या या दगडांमधला सांधा त्यांना सरासरी अर्धा मिलिमीटर भरला, आणि एवढ्याशा फटीतही माल होता. राजाच्या दफनखोलीला ग्रॅनाईट, तोही आठशे किलोमीटरवरच्या आस्वानहून. छताच्या काही तुळया पन्नास टनांच्या पुढच्या. तांब्याची छिन्नी ग्रॅनाईटवर चालत नाही, म्हणून डोलेराईट खडकाचे कठीण गोटे आपटून तो फोडायचा आणि कापायचा तर तांब्याच्या करवतीखाली वाळू घालून.

तुऱ्याच्या दगडाची ने-आण करणाऱ्यांतल्या एकाची रोजनिशीच सापडली आहे. २०१३ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर तालेत यांच्या चमूला तांबड्या समुद्राकाठी, वादी अल-जर्फ इथे पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख, मिळाले. मेरेर नावाच्या मुकादमानं त्यात आपल्या चाळीसेक माणसांच्या टोळीचं काम टिपून ठेवलंय. आज तुऱ्याला दगड भरले, मुक्काम तिथेच. आज होडी गिझाकडे निघाली. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ याचंही नाव त्यात येतं, वरचा अधिकारी म्हणून. सगळा मजकूर कोरडा, सरकारी. चमत्काराचा मागमूस नाही.

जमिनीवरची वाहतूक घसरगाडीवरून व्हायची. काही शतकांनंतरच्या जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. प्रचंड पुतळा ओढत नेताहेत आणि घसरगाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला माणूस वाळूवर पाणी ओततोय. पुष्कळांना तो धार्मिक विधी वाटायचा. २०१४ साली ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला: वाळू बेताची ओली केली की ओढायला निम्मंच बळ लागतं. पाणी जास्त झालं, की पुन्हा जड.

पुढच्या राजांनी काटकसर फारच ताणली. तिसऱ्या अमेनेमहातनं दहशूरला पिरॅमिडचा गाभा चक्क मातीच्या कच्च्या विटांचा केला आणि वरून चुनखडीचा मुलामा दिला. जमीन भुसभुशीत निघाली, आतल्या खोल्यांना तडे गेले, छतं खचली. लाकडी टेकू लावून पाहिले. शेवटी राजानं हवाराला दुसरा पिरॅमिड बांधायला घेतला, पुन्हा मातीच्याच विटांचा; पण या खेपेला दफनखोलीसाठी क्वार्टझाईट या कठीण खडकाच्या एकाच अखंड दगडातून भलामोठा हौद कोरून घेतला.

नमस्कार.