बर्फातली बारमाही गाडी

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, साताऱ्यात उभं राहून बर्फावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. आपल्याकडे एखाद्या हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण मला गाड्यांवर बोलायला सांगितलंय, आणि माझ्या आयुष्यातली एकमेव स्पोर्ट्स कार मी चालवली दक्षिण जर्मनीत, तीही बारा महिने. तेव्हा ऐकून घ्या.

तिकडे हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला वर-खाली दोन आकडे असतात, समजा ०३ आणि १०. म्हणजे मार्च ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर. उरलेले चार महिने चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही. कर आणि विमा तेवढाच वाचतो. स्पोर्ट्स कारवाले बरेच जण असंच करतात. माझी गाडी दोन माणसांची, कापडी छताची, वजनाला जेमतेम हजार किलो, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. तिला मी साधी, बारमाही प्लेट घेतली, कारण हिवाळ्यासाठी दुसरी गाडी ठेवायला ना जागा होती, ना पैसे. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. मागच्या चाकांची गाडी बर्फात चढ चढते का हो? मी म्हणतो, चढायचं नंतर बघू, थांबते का ते विचारा. इथं फळा आहे, तर गणितच करू. ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललोय आणि ब्रेक दाबला. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.८ धरा, गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ पर्यंत येतो, म्हणजे जवळपास ५० मीटर. आणि रस्त्यावर पाण्याचा काचेसारखा थर गोठला असेल तर ०.१, म्हणजे शंभर मीटरच्या घरात. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्याचे १४ मीटर वेगळेच.

आता हे गणित नीट बघा. यात गाडीचं वजन नाही, हॉर्सपॉवर नाही, इंजिन किती चाकं फिरवतं तेही नाही. आहेत फक्त वेग आणि घर्षण. फोर बाय फोरवाल्यांना हे सांगितलं की राग येतो. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते झकास, चढते झकास. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. दर डिसेंबरात इकडची पोरं मोठी गाडी घेऊन मनालीला जातात आणि तिथल्या उतारावर आडवी होतात, त्याचं कारण हेच. निघताना गाडी इतकी छान निघाली की बर्फ आहे हे डोक्यातून गेलं.

तेव्हा सगळा खेळ टायरचा. स्पोर्ट्स कारला कारखान्यातून येतो तो उन्हाळी टायर, रुंद आणि चिकट. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की त्याचं रबर कडक व्हायला लागतं. थंडीत आपली खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसं काहीसं. बर्फ पडलेला नसला, रस्ता कोरडा असला, तरी पकड गेलेली असते. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं. नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक नागमोडी चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात, खाचांमध्ये बर्फ भरतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. म्हणून नक्षीत बर्फ अडकलेला दिसला तर खरवडून काढायचा नाही, तो कामाचा आहे. हे टायर थोडे अरुंदच घेतात. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो, अरुंद तो कापून खाली जातो. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सक्तीचेच आहेत. इथं मात्र कोणी हौसेनं बसवू नका. आपल्या मे महिन्यात ते खोडरबरासारखे झिजतील.

हवेकडेही लक्ष. गॅरेजात २० अंशांना भरलेली हवा बाहेर उणे १० ला तपासली तर पाचेक पीएसआय कमी भरते.

मागच्या चाकांची भीती अगदीच खोटी आहे असं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं, क्लच सावकाश सोडायचा, उतारावर धाडकन खालचा गिअर टाकायचा नाही, नाहीतर मागची बाजू पुढे यायला बघते. पण १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षं मॉन्टे कार्लो रॅली ही गाड्यांची शर्यत पोर्शे ९११ या मागच्याच चाकांच्या स्पोर्ट्स कारनं जिंकली, जानेवारीतल्या आल्प्समध्ये. तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे, आणि तोच भार ताकदीच्या चाकांवर. जुलैत पसरणीचा घाट उतरणाऱ्याला, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरनं चिखल सांडलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्याला, हे हात-पाय वेगळे शिकवावे लागत नाहीत.

खरा शत्रू मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर ट्रकनं मीठ फेकतात. आपल्याकडे जुनी गाडी घेताना माणूस आधी विचारतो, कोकणातली नाही ना? आणि मग जमिनीवर आडवा होऊन खालून पत्रा बघतो. तिकडे प्रत्येक गाडी कोकणातली. पोर्शेनं सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून ९११ ची अख्खी बॉडी जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची केली, ती उगाच नाही. त्यात एक उलटी गोष्ट आहे: कडक थंडीत गंज हळू चढतो, उबेत भराभर. म्हणजे खारं पाणी गळत असलेली गाडी प्रेमानं गरम गॅरेजात लावली, तर ती बाहेर गारठणाऱ्या गाडीपेक्षा लवकर सडते. माझी बाहेरच असायची, आणि पारा शून्याच्या वर गेला की पोटाखालून धुऊन घ्यायचो.

तरी दाराखालचे पत्रे गेलेच. तिथं दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते आणि सांगाड्याला गंजून भोक पडलेलं असेल तर सरळ नापास. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, आतल्या पोकळीत मेण मारून घेतलं. बिल बघून बायको म्हणाली, एवढ्यात हंगामी प्लेट आणि चार महिन्यांचा बसचा पास आला असता. हिशोब तिचाच बरोबर होता. नोव्हेंबरात मी हिवाळी टायर चढवले.