देवीचं दुसरं देऊळ

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी जरा बाही वर करून बघा. दंडावर किंवा त्याच्या खाली चपटा, खळगे पडलेला व्रण दिसेल. बीसीजीचा नव्हे, तो लहान असतो. हा देवीच्या रोगावरच्या लशीचा. आमच्या लहानपणी 'लस घेतली' असं कुणी म्हणत नसे. 'पोराच्या देवी काढल्या का?' असंच विचारायचे.

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेले होते. तिथून गाडीने तासाभराच्या आत बर्कली नावाचं गाव लागतं. ज्यांनी देवीची लस जगापुढे आणली त्या डॉक्टर एडवर्ड जेनरांचं घर तिथे आहे. १७८५ मध्ये त्यांनी ते घेतलं आणि १८२३ मध्ये तिथेच शेवटचा श्वास घेतला. आता तिथे संग्रहालय आहे. शेजारीच चर्च आहे, त्यात त्यांची कबर. जन्म याच गावातला, त्यामुळे जन्म, घर आणि कबर हाकेच्या अंतरात.

घर ऐसपैस आहे, खोल्या नीट मांडलेल्या. पण खरं सांगू? माझे पाय अडकले ते बागेत. एका कोपऱ्यात एक बसकी, ओबडधोबड खोपी आहे. वर गवताचं छप्पर, भिंतींना सालीसकट लाकडं. आपल्याकडे शेतावर राखणीला बांधतात तसलीच म्हणा ना. जेनर इथे गरिबांना फुकट लस टोचायचे. आणि या खोपीला त्यांनी नाव काय दिलं होतं, तर 'व्हॅक्सिनियाचं देऊळ'! लॅटिनमध्ये 'व्हॅका' म्हणजे गाय. मला आपलं माहीमचं शीतळादेवीचं देऊळ आठवलं. आजी दर वर्षी तिथे दहीभात घेऊन जायची. तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे व्रण होते.

गाईचा संबंध असा. धारा काढणाऱ्या बायकांच्या हातावर गाईच्या देवीचे फोड उठत, पण माणसाच्या देवी त्यांना होत नाहीत, असं तिकडचे शेतकरी सांगत. १४ मे १७९६ रोजी जेनरांनी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या पोराच्या दंडात टोचला. जुलैत त्याला खऱ्या देवी टोचून पाहिल्या. काही झालं नाही. आज असला प्रयोग कुणी करू देईल? मला तर त्या पोराच्या आईचाच विचार येत राहिला.

लस मुंबईला आली ती कशी? दोऱ्यावर वाळवून पाठवलेली प्रवासातच निकामी व्हायची. मग बगदादहून बसऱ्याला आणि तिथून मुंबईला ती माणसांच्या दंडांवरून आली. एकाला टोचायची, आठवड्याने फोड भरला की त्यातून पुढच्याला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. भारतात पहिल्यांदा. तिच्या दंडावरून आणखी मुलांना दिली आणि मग पुणे, सुरत, मद्रास. बाटली नाही, बर्फ नाही. एकापुढे एक लेकरांचे हात.

बागेतून परत येताना तिथल्या तरुण कर्मचारी मुलीला मी माझा व्रण दाखवला. तिने वाकून, अगदी निरखून पाहिला. म्हणाली, 'मी खरा व्रण पहिल्यांदाच बघतेय. कुठे काढल्या?'

म्हटलं, 'दादरला. म्युनिसिपालिटीच्या शाळेत. फार रडले होते.'